रेकॉर्ड लावण्याआधी काय बोलावं?

वाचकांचे प्रश्न

सामुदायिक रेडिओवरच्या संगीताच्या कार्यक्रमाबद्दल मागच्या अंकात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. तो लेख ज्यांच्या वाचण्यात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका छोट्या सामुदायिक केंद्रावर दर गुरुवारी संध्याकाळी तासभर मी जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डी लावते आणि त्यांच्याबद्दल बोलते. नाट्यसंगीत, ख्याल, ठुमरी, अधूनमधून बैठकीची लावणी. दिवसा मी एका कर सल्लागाराकडे हिशेब बघते. पत्रांमधले काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आजीमुळे नाट्यसंगीताचं वेड लागलं. गाणं शिकलेले नाही, पण ऐकलंय भरपूर. मला असा कार्यक्रम करायला मिळेल का? कोणाला भेटायचं?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

मिळेल. संगीताची पदवी माझ्याकडेही नाही आणि आजवर ती कोणी मागितलेली नाही.

आधी या केंद्रांची घडण समजून घ्या. आपल्याकडे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाली, २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर आहे, फिल्म इन्स्टिट्यूटचं (एफटीआयआय) केंद्र ९०.४ वर. केंद्र संस्थेचं असलं तरी निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, आसपासच्या लोकांना सोबत घेऊन तयार झालेले असावेत, असं धोरणातच म्हटलेलं आहे. त्यामुळे तुम्ही दार ठोठावता तेव्हा काही उपकार मागायला जात नाही. त्यांना माणसं हवीच असतात.

मात्र नुसती कल्पना घेऊन जाऊ नका. 'मला नाट्यसंगीतावर काहीतरी करायचंय' असं सांगणारे पुष्कळ येतात. वीस मिनिटांचा नमुना फोनवर रेकॉर्ड करून न्या. त्यात तीन पदं आणि त्यांच्या आधीचं तुमचं बोलणं असू द्या. सोबत एका कागदावर पुढच्या तीन महिन्यांचे विषय लिहा, आठवड्याला एक. केंद्र चालवणाऱ्याला काळजी असते ती नवा माणूस चार आठवड्यांनी येईनासा होण्याची. परीक्षा आल्या, गावी लग्न निघालं, की कार्यक्रम बंद. म्हणून परीक्षेच्या महिन्याचे भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवीन, हे पहिल्याच भेटीत सांगा. त्या एका वाक्याचा उपयोग होतो.

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कार्यक्रम लागणं ही मामुली गोष्ट नाही. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीनं आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' ऐकवलं, ५६ गीतं. त्यातली गीतं थोर होतीच, पण घरोघरी लोक त्या वेळेची वाट बघत बसत, ही सवय रेडिओनं लावली होती. आपलं केंद्र कितीही लहान असो, ती सवय लावता येते.

तुमचा कार्यक्रम आवडतो. पण इतर ठिकाणी निवेदक इतकं बोलतात की गाण्याचा रस जातो. आणि काही जण नावसुद्धा न सांगता गाण्यामागून गाणी लावतात. निवेदन नेमकं किती असावं?
— एक श्रोता, हडपसर

सगळ्यात जास्त विचार मी याच प्रश्नावर केला आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते, बारा इंची चार-साडेचार. तीन मिनिटांच्या गाण्याआधी चार मिनिटं बोलणं हा गाणाऱ्यावर अन्याय आहे. मी मिनिटाच्या वर जात नाही. त्या मिनिटात गायकाचं नाव, राग, ताल आणि माहीत असेल तर मुद्रणाचा, म्हणजे रेकॉर्डिंगचा, काळ येतो. साथीदारांची नावं लेबलवर असतील तर तीही येतात, कारण तबल्याच्या किंवा सारंगीच्या माणसाचं नाव पुन्हा कुठे उच्चारलं जाईल याची खात्री नसते.

मग उरलेल्या वीस सेकंदांत श्रोत्याच्या कानाला एक काम द्यायचं. एकच, दोन नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांचंच घ्या. त्यांच्या ज्या रेकॉर्डी आज सगळ्यात जास्त ऐकल्या जातात त्या १९३४ नंतरच्या, ओडियन कंपनीच्या. खाँसाहेब तेव्हा साठी ओलांडलेले होते, १९३७ मध्ये ते गेले. त्यांची ओळख करून देताना 'स्वरांचे बादशहा', 'गळ्यात साक्षात सरस्वती' असं म्हणायची पद्धत आहे. ही वाक्यं कोणत्याही गायकाला लावता येतात, म्हणून ती मी वहीतून कायमची काढून टाकली आहेत. त्याऐवजी मी एवढंच म्हणते: 'या माणसाच्या हातात तीनच मिनिटं आहेत आणि ती त्यालाही ठाऊक आहेत. तरी कुठे घाई ऐकू येते का ते बघा.' बस्. मग रेकॉर्ड. श्रोता ती घाई शोधायला कान लावतो, ती त्याला सापडत नाही, आणि त्या शोधात तो सूर ऐकतो. त्याच्या पाठोपाठ मास्टर दीनानाथांचं एखादं पद लावलं तर सांगायचं काम अगदी वेगळं असतं: 'आवाज कुठून कुठे झेप घेतो त्यावर लक्ष ठेवा.' एवढं पुरतं.

शब्द कानाला तयार करण्यापुरतेच हवेत. गाण्यात काय वाटायला हवं हे श्रोत्याला सांगू नये. 'आता डोळ्यांत पाणी येईल' असं निवेदकानं म्हटलं की येणारं पाणीही थांबतं.

आता रेकॉर्ड संपतानाचं. पुष्कळ ठिकाणी शेवटची आवर्तनं चालू असतानाच आवाज खाली ओढतात आणि निवेदक बोलायला लागतो. जुन्या रेकॉर्डीच्या बाबतीत हे मुळीच करू नये, कारण शेवटीच कधी कधी खजिना असतो. सुरुवातीच्या काळात गाणारे शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं पुकारत. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या रेकॉर्डीच्या शेवटी 'माय नेम इज गौहरजान' अशी खणखणीत हाक ऐकू येते. त्याला कारण होतं. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कोण गातंय हे तिथल्या माणसांना कळावं म्हणून नाव गाण्यातच टाकलेलं असे. ती हाक कापणं म्हणजे बाईला तिच्या स्वतःच्या मैफलीतून उठवणं. मी ती पूर्ण वाजू देते, त्यानंतर पिनेची खरखर दोन-तीन सेकंद चालू देते, आणि मगच माइक उघडते.

निवेदन लांबवावं असा एकच प्रसंग मला मान्य आहे. भास्करबुवा बखले यांचं मुद्रण आपल्याकडे नाही. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज सुरू करणारा, 'स्वयंवर' नाटकातल्या पदांना चाली देणारा हा गवई १९२२ मध्ये गेला आणि त्याचा आवाज त्याच्याबरोबर गेला. त्यांच्यावरचा भाग करताना बोलण्यावाचून मार्गच नव्हता. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव, दोघेही त्यांचे शिष्य. दोघांच्या रेकॉर्डी लावल्या आणि मधल्या जागेत बुवांबद्दल बोलले. या दोन आवाजांत समान काय आहे ते शोधा, एवढंच काम श्रोत्यांना दिलं होतं. त्या भागावर आलेले फोन फार जाणकार होते.

वडील गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत पंचवीस-तीस जुन्या रेकॉर्डी निघाल्या. लेबलं फिकट झाली आहेत, वर धूळ आणि बुरशीसारखे डाग आहेत. पुसायच्या कशा? घरी एलपीचा प्लेअर आहे, त्यावर वाजतील का?
— एक वाचक, धायरी

सगळ्यात आधी, स्पिरिट लावू नका. सॅनिटायझरसुद्धा नाही. या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण असतं. फ्रेंच पॉलिश करणारा सुतार लाखदाणा कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. इंटरनेटवर रेकॉर्ड पुसायच्या म्हणून ज्या युक्त्या सांगतात त्या बहुतेक नंतरच्या, व्हिनाइलच्या, म्हणजे एलपीसारख्या रेकॉर्डींसाठी असतात. त्या इथे लावल्या तर खाचाच जातील.

आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढा. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ सुती कापड त्यात बुडवून घट्ट पिळा, आणि खाचांच्या दिशेनं गोल पुसा, आडवं नाही. लेबलला पाणी लागू देऊ नका, कारण रेकॉर्डचा जन्मदाखला तेवढाच असतो. मग नुसत्या पाण्याच्या कापडानं एकदा पुसून सावलीत उभ्या वाळवा. पुस्तकांसारख्या उभ्याच ठेवा. एकावर एक रचल्या तर वरच्यांच्या वजनानं खालच्या तडकतात. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यात त्या वाकतातही, तेव्हा ट्रंक खाली आणाच.

एलपीच्या प्लेअरला ७८चा वेग असेल तरी पिन तीच चालणार नाही. ७८ची खाच रुंद असते. तिला तीन मिलची पिन लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची पिन जेमतेम एक मिलची किंवा त्याहून बारीक असते. ती खाचेच्या तळाशी लोळत राहते, खरखर वाढते आणि पिनही जाते. पिन वेगळी मिळते, ती विकत घ्या. चावीचा ग्रामोफोन घरात असेल तर हौस म्हणून एखादी रेकॉर्ड वाजवायला हरकत नाही, पण त्याचा हात जड असतो आणि लोखंडी पिन प्रत्येक बाजूला नवी घालावी लागते. दुर्मीळ रेकॉर्ड त्यावर लावू नका.

आता वेगाबद्दल, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या कितीतरी रेकॉर्डी त्याहून कमी-जास्त वेगानं मुद्रित झाल्या आहेत. समजा मुद्रण ७४च्या वेगानं झालंय आणि तुम्ही ७८वर वाजवलंत, तर आवाज जवळपास एका पट्टीनं चढतो. बाई गायली असेल काळी चारमध्ये, ऐकू येते पांढरी सहामध्ये, आणि तान उगाच चपळ वाटते. माझ्या टेबलावर छोटी पेटी असते. रेकॉर्डमधली साथीची पेटी ज्या स्वरावर धरली आहे तो माझ्या पेटीवर शोधते. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सूर लागत असेल तर वेग चुकलेला आहे असं समजून पिच कंट्रोलनं हळूहळू खाली-वर करते. त्या गायकाच्या दुसऱ्या रेकॉर्डीही शेजारी ठेवते, कारण माणूस सहसा आपली पट्टी सोडत नाही. वेग जुळला की आवाजातला चिरका ताण निघून जातो आणि गाणारा माणूस जवळ येऊन बसतो. या कामात माझी आख्खी संध्याकाळ जाते आणि ती मला अतिशय प्रिय आहे.

तुमच्या रेकॉर्डी केंद्राला द्यायच्या की नाही ते घाईनं ठरवू नका. आधी लेबलांचे आणि क्रमांकांचे फोटो काढा, यादी करा. वडिलांनी कुठे काही लिहून ठेवलं असेल, पाकिटांवर तारखा असतील, तर तेही जपा. वाजवून, डिजिटल प्रत करून रेकॉर्डी परत देणारं केंद्र असेल तर अवश्य द्या. बुधवारच्या-रविवारच्या जुन्या बाजारात नेऊन मात्र टाकू नका. तिथे त्या ढिगात, उन्हात पडतात.

हल्ली सॉफ्टवेअरनं सगळी खरखर काढता येते. तुम्ही का काढत नाही?
— एक ध्वनितंत्रज्ञ, विमाननगर

टकटक मी काढते. चरा पडलेला असला की दर फेऱ्याला येणारा तो ठोका असह्य होतो, आणि तो काढल्यानं गाण्याचं काही बिघडत नाही. सलग येणारी 'सूंऽ' मात्र मी थोडीच कमी करते. तुम्ही या क्षेत्रातलेच आहात, तेव्हा तुम्हाला पटेल: सतत, एकसारखं वाजणारं ते नकोसं, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं. आपल्या संगीतात सतत, एकसारखा काय वाजतो? तानपुरा. जोरात सफाई केली की आधी त्याची झंकार जाते, मग 'स' आणि 'श'ची धार जाते, आणि उरतो तो नळीतून आल्यासारखा आवाज. १९२५च्या सुमारास विजेचा माइक येईपर्यंत तर गायक भोंग्यात तोंड घालून गात असत. तिथे मुळातच वरचे-खालचे स्वर थोडे टिपले जायचे. जे आहे त्यातलं आणखी काढायला माझा हात धजत नाही. श्रोत्याचा कान अर्ध्या मिनिटात खरखरीला सरावतो. त्याला तेवढं अर्धं मिनिट द्यावं.

मी मुळशी तालुक्यातला. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. वारकरी भजनाच्या चालींवर कार्यक्रम करायची फार इच्छा आहे. पण माझी भाषा गावाकडची. पुण्यातली लोकं हसतील का? आवाजही बारीक आहे.
— एक वाचक, पौड

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असा कार्यक्रम व्हायलाच हवा, आणि तो तुमच्याच भाषेत व्हायला हवा. ज्या भागात केंद्र आहे तिथली बोली त्या केंद्रावर ऐकू यावी, यासाठीच ही केंद्रं निघाली. तुम्ही 'व्हय' म्हणा, 'न्हाई' म्हणा. पुस्तकी बोलायला जाल तर तुमच्या तोंडातलं मंडळाचं बोलणं निघून जाईल. चाल कुठे चढते, टाळकरी कुठे पुढे सरकतात, पावलीला ठेका कसा बदलतो, हे सगळं त्याच बोलण्यात आहे. 'इथं मृदंग दुगणीत गेला बघा' हे वाक्य पखवाजावर हात असलेल्या माणसानं म्हटलं की त्याला जे वजन येतं ते माझ्या म्हणण्याला कधी येणार नाही. नावं तेवढी नीट तपासून घ्या. अभंग कोणाचा, चाल कोणत्या फडाची, गाणारे बुवा कोण, यात गफलत नको.

बारीक आवाजाची काळजी सोडा. माइकपासून एक वीत अंतर ठेवा आणि माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फुत्कार त्यावर आदळत नाही. घरात बोलतो तेवढ्याच आवाजात बोला. घरीच रेकॉर्ड करणार असाल तर पंखा बंद करा, आणि जिथे गाद्या-गोधड्यांची चळत आहे त्या खोलीत बसा. तिथे आवाज घुमत नाही. लिहून काढायचं तर बोलतो तसं लिहा आणि एकदा घरच्यांना वाचून दाखवा. वाचताना जिथे अडखळाल ते वाक्य कागदी आहे असं समजून मोडा.

इतक्या छोट्या केंद्राचा कार्यक्रम ऐकतं तरी कोण?
— एक वाचक, औंध

या केंद्रांच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर. चांगल्या दिवशी दहा किलोमीटरच्या आसपास ऐकू येतं. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पुण्याच्या टेकड्या आडव्या येतात. वेताळ टेकडीच्या अलीकडे लख्ख ऐकू येणारं केंद्र पलीकडच्या उताराला खरखरत राहतं.

पण त्या दहा किलोमीटरांत राहणारा माणूस उठून केंद्रावर येऊ शकतो. एकदा दोन बाजूंवर मिळून असलेला एक ख्याल लावायचा होता. माझ्याकडच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचा काठ उडालेला होता, म्हणून पहिलीच बाजू लावली आणि दुसरी का लावत नाही ते सांगितलं. पुढच्या गुरुवारी बोपोडीहून एक निवृत्त गृहस्थ भाजीच्या पिशवीत, नऊवारीत गुंडाळून तीच रेकॉर्ड घेऊन आले. दुसरी बाजू धड होती. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून त्यांनी ती ऐकली, ठेक्यावर बोटं धरून. तबल्याला कोण आहे हेही त्यांनीच सांगितलं, कारण तो माणूस त्यांच्या वाड्यात राहायचा. हे नाव लेबलवर नव्हतं. आता ते माझ्या वहीत आहे आणि ती रेकॉर्ड लावताना मी ते दर वेळी घेते.

फोनवर श्रोते घेत असाल तर एक लक्षात असू द्या. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. फोनवरचं बोलणं राजकारणाकडे वळलं की गोडीनं गाण्याकडे आणायचं.

मानधन मिळतं का?
— एका वाक्याचं पत्र, नाव नाही

बहुतेक ठिकाणी नाही, किंवा रिक्षाभाड्यापुरतं. केंद्रांना जाहिरातींसाठी तासाला सात मिनिटं होती, ती २०२४च्या सुधारित धोरणात बारा झाली. तरी छोट्या केंद्राचा वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पोटासाठी दुसरं काम हवंच.

जुनी गाणी म्हणजे हक्कमुक्त ना? मग परवानगीची भानगड कशाला?
— एक वाचक, चिंचवड

गाण्यात हक्क एक नसतो, निदान तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. मुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क त्या कवीच्या, त्या संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे १९५५ची रेकॉर्ड मुद्रण म्हणून मोकळी झाली, तरी तिच्यावरचं गीत गदिमांचं असेल तर त्यांचं निधन १९७७चं, शब्दांचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहेच. तुकोबांचा अभंग असेल तर शब्द सगळ्यांचे, पण चाल कोणी आणि कधी बांधली ते बघावं लागतं. पारंपरिक बंदिशीला ही अडचण नाही. १९३०च्या दशकातले ख्याल लावणं मला सोपं जातं त्याचं हेही एक कारण आहे.

केंद्रं यासाठी परवाने घेतात, गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएसकडून, मुद्रणांसाठी पीपीएलसारख्या संस्थांकडून. आपल्या केंद्राकडे कोणता परवाना आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. आणि प्रसारणाचा परवाना असला म्हणजे तोच भाग पॉडकास्ट म्हणून इंटरनेटवर ठेवता येतो असं धरून चालू नका. ती परवानगी वेगळी. गाणाऱ्यांच्या, लिहिणाऱ्यांच्या घरी चार पैसे जायला हवेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा ठासून लिहिते.

पहिल्या चार भागांसाठी एखादा विषय सुचवाल का?
— कर्वेनगरच्या विद्यार्थिनीचंच दुसरं पत्र

एक घर घ्या. अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचा मुलगा सुरेशबाबू माने, मुली हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. चार भागांना चार आवाज. गाण्याचा वारसा एकच, तरी प्रत्येकाचं गाणं स्वतंत्र. तुमचं प्रेम नाट्यसंगीतावर आहे, आणि हिराबाई-सरस्वतीबाई रंगभूमीवरही होत्या, त्यामुळे पदं आणि ख्याल दोन्ही लावता येतील. हिराबाईंपासून सुरू करा, वडिलांपासून नको. तो आवाज इतका शांत आणि स्वच्छ आहे की ७८ची रेकॉर्ड आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही खरखर आड येत नाही. सुरेशबाबूंच्या रेकॉर्डी कमी सापडतात, म्हणून त्यांचा भाग चौथा ठेवा आणि शोधायला आतापासून लागा. खाँसाहेबांचा भाग तिसरा येऊ द्या. तोवर श्रोत्यांनी दोन्ही मुली ऐकलेल्या असतील, आणि वडिलांच्या आवाजात काय शोधायचं ते तुम्हाला फारसं सांगावं लागणार नाही. नमुन्याचे भाग तयार झाले की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी नक्की ऐकेन.